गप्पी माशांची न्याहारी

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग अगदी शब्दशः घे. कंबर धरली आहे, म्हणून हे पत्र मी जमिनीवर पालथा पडून लिहितोय. कंबर का धरली ते शेवटी सांगेन, धीर झाला तर.) भावोजींचा गुडघा कसा आहे? जिने चढल्याने गुडघा सुधारतो असं ते मला नेहमी सांगायचे. आता तुमच्या इमारतीची लिफ्ट बंद पडल्यावर त्यांचं काय मत आहे ते जरूर कळव.

तुझं पत्र मिळालं. आई गेल्यापासून बाबा खुर्चीत बसून वाळत चाललेत, मी दिवसभर डासांच्या मागे गावभर हिंडतो, तेव्हा त्यांना कायमचं तुझ्याकडे पाठवून द्यावं, असं तू लिहिलंस. तू मोठी आहेस, तुझं म्हणणं मी कधी खाली पडू दिलंय? पण तू त्यांना भेटून गेलीस त्यानंतर इथे बरंच रामायण झालंय. ते आधी ऐक, मग काय तो हुकूम सोड.

तुला माहीतच आहे, आमचं डास नियंत्रण खातं आजूबाजूच्या सगळ्या गावांचं मिळून एकच आहे. साहेबांच्या मागे भिंतभर नकाशा आहे. जिथे डास वाढले तिथे साहेब लाल टाचणी टोचतात, आणि टोचताना त्या भागाच्या तपासनिसाकडे असं बघतात की टाचणी त्यालाच लागावी. तर मध्यंतरी एका गल्लीत टाचण्यांची नुसती जत्रा भरली. गल्ली कोणाची? आपली! डासांचा तपासनीस जिथे राहतो ती गल्ली! (लहानपणी कानाशी सारखी भुणभुण करतो म्हणून तूच मला मच्छर म्हणायला लागलीस. ते कोणीतरी ऑफिसात फोडलंय. त्या आठवड्यात मला दुसऱ्या नावाने कोणी हाकच मारली नाही.)

मी चक्रावलो. कारण गल्लीतल्या प्रत्येक हौदात आणि टाकीत खात्याचे गप्पी मासे मी स्वतःच्या हाताने सोडले होते. गप्पी म्हणजे बोटाच्या पेरापेक्षा लहान जीव, पण डासांच्या आळ्या मटामट खातो. हौदात आळी दिसली रे दिसली की संपली. आणि इथे मी काठीला बांधलेली पळी बुडवतो तर पळीत आळ्या वळवळतायत, आणि शेजारून मासे अशा थाटात चाललेत की ओळखही दाखवत नाहीत. शिवाय मासे हे एवढे लठ्ठ! पोट सावरत वळत होते. मला वाटलं, पलीकडच्या हेडमास्तरीणबाईंनी हौदात काहीतरी औषध ओतलं असणार. मी त्यांना नोटीस दिली. आळ्या हटेनात म्हणून आणखी एक दिली. बाईंनी दोन्ही नोटिसांमधल्या शुद्धलेखनाच्या चुका लाल शाईने दुरुस्त करून मला परत पाठवल्या, आणि त्यानंतर चारच दिवसांनी तापाने आजारी पडल्या. डासाचाच ताप. दवाखान्यात ठेवावं लागलं. तेव्हा मात्र माझी मस्करी कुठल्या कुठे पळाली.

म्हणून एका सकाळी कामावर जायचं सोडून मी बाईंच्या हौदामागे दबा धरून बसलो. म्हटलं, काय चाललंय ते डोळ्यांनी बघू. थोड्या वेळाने फाटक वाजलं. हातात कापडी पिशवी घेऊन एक म्हातारा आत आला. हौदाच्या कठड्यावर बसला. पिशवीतून पावाचा चुरा काढून चिमटीचिमटीने पाण्यात टाकायला लागला. "या रे, लाजू नका. सावकाश. तो बारका कुठेय? त्याला मिळू द्या आधी." ताई, ते आपले बाबा होते.

आता तूच सांग, मी काय करायला हवं होतं? तिथल्या तिथे पुढे होऊन ओरडायला हवं होतं. अहो, त्यांचं पोट भरलं तर ते आळ्या कशाला खातील, मासे आहेत की जावई? पण माझे पाय हलेनात. आई गेल्यापासून या माणसाने माझ्याशी "हं" आणि "नको" याशिवाय शब्द काढला नव्हता. दुकान बंद केलं, घड्याळं दुरुस्त करायचं भिंग डबीत घातलं, आणि भिंतीकडे तोंड करून खुर्चीत बसले. आणि इथे त्यांच्या तोंडाला खळ नव्हता! मी घरात नसताना ते रोज गल्लीतल्या हौदाहौदाला फेरी मारत होते, "खात्याने बिचाऱ्यांना सोडून दिलंय, खायला कोण घालणार" म्हणून. मी त्या हौदामागे बसून रडलो. (डास चावत होते, हेही एक कारण धर.)

दोन दिवस गप्प बसलो. पण दवाखान्यात बाईंना बघून आलो आणि राहवेना. जेवताना सगळं सांगितलं. बाबांनी हातातला घास खाली ठेवला. "म्हणजे बाईंना माझ्यामुळे ताप आला?" मी नाही म्हटलं. पण मला खोटं बोलता येत नाही हे तुला माहीत आहे, त्यांनाही माहीत आहे. ते उठले, हात धुतले आणि परत त्या खुर्चीत जाऊन बसले. पिशवी खुंटीला लटकत राहिली. त्या खुर्चीचा मला इतका राग आला की तिला लाथ घालावीशी वाटली, पण तिच्यात बाबा होते.

यातून आम्हाला सोडवलं कोणी? बाईंनीच. दवाखान्यातून घरी आल्यावर जरा पायांत बळ येताच भिंत धरधरून आपल्या दारात येऊन उभ्या राहिल्या. बाबा उठून उभे राहिले, त्यांना माफी मागायची होती, पण बाई कोणाला बोलू देतात का? म्हणाल्या, "तुमची वेळ झाली की मासे वर येऊन वाट बघतात. त्यांना पाव नका घालू, पण उपाशीही नका ठेवू. माझ्या कुंड्यांखालच्या ताटल्यांत आळ्या आहेत. त्या काढा आणि त्यांना वाढा. मला वाकवत नाही."

बाबा कपाटाशी गेले, डबी उघडली आणि भिंग डोळ्याला लावलं.

तेव्हापासून रोज सकाळी बाबांची फेरी सुरू आहे. एका डोळ्याला भिंग, हातात घड्याळात तेल सोडायचा ड्रॉपर. कुंडीखालची ताटली, फुटका माठ, कोणाच्या अंगणातलं जुनं टायर, जिथे पाणी दिसेल तिथून आळी उचलायची आणि हौदात नेऊन माशांना वाढायची. लोक त्यांना हाका मारून बोलावतात. बाईंशी तर रोज वाद होतो, कोणत्या माशाला कालही जास्त मिळालं यावरून. नकाशावरच्या टाचण्या एकेक करून निघाल्या. मासे पुन्हा कमरेत बारीक झाले. बाबा दोन वेळा पोटभर जेवतात आणि मी मीठ जास्त घातलं की बोलतात. ताई, ते मला बोलतात गं!

तर असं आहे. पुढच्या महिन्यात मी त्यांना तुझ्याकडे आणून सोडतो. महिनाभर ठेवायचं की कायमचं, ते तू मोठी म्हणून ठरव. मला काहीच म्हणायचं नाही. भावोजींना नमस्कार, मुलांना गोड पापा.

तुझा,
मच्छर

ता. क. कंबरेचं राहिलंच. झालं असं, की गल्लीतल्या आळ्या संपल्या. एक दिवस बाबा रिकामा ड्रॉपर घेऊन परत आले आणि खुर्चीत बसले. तेव्हापासून मी रोज पहाटे ऑफिसातल्या बाटलीतून आळ्या आणून (नव्या लोकांना शिकवायला आम्ही त्या पाळतो) गल्लीतल्या ताटल्यांत वाकून वाकून सोडतो. ताटल्याही कोणीतरी पालथ्या घातलेल्या असतात, त्या आधी सुलट्या कराव्या लागतात. लोक सुधारलेत, दुसरं काय. हे साहेबांना कळलं तर माझीच टाचणी होईल.

आणखी एक ता. क. तेव्हा ताई, बाबा यायच्या आधी तुझ्या बाल्कनीत एका पसरट भांड्यात थोडं पाणी ठेवशील का? थोड्या आळ्या झाल्या की लगेच वरून घट्ट जाळी बांध. तिथे त्यांना काहीतरी सापडायला हवं. (हे एका तपासनिसाने लिहिलेलं नाही.) आणि महिना झाला की त्यांना परत पाठव गं. मघाशी मला काही म्हणायचं नाही असं लिहिलं, ते खोटं होतं. घरी आलो की आत कोणीतरी आहे, एवढं मला पुरतं.

चि. ताईस, अनेक आशीर्वाद. पाकिटावर पत्ता घालायला त्याने हे माझ्याकडे दिलं. माझं अक्षर चांगलं आहे. पण पाकीट उघडं होतं, आणि उघडी वस्तू आत न बघता बंद करायची मला दुकानापासून सवय नाही. बाल्कनीत पाणीबिणी ठेवू नकोस, मुलांना ताप येईल. मी तुम्हाला बघायला येतोय, आळ्यांना नाही. ताटल्या रोज संध्याकाळी मीच पालथ्या घालतो. सकाळी त्या सुलट्या दिसतात, आत पाणी, पाण्यात आळ्या. पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं. बोललो नाही. तुझी आई गेल्यापासून तो उशिरापर्यंत अंथरुणात पडून राहायचा, आता माझ्यासाठी म्हणून का होईना, पहाटे उठतो. महिन्याने मी परत येईन. त्याच्या कंबरेला लावायला तुझ्याकडचं ते तेल तेवढं काढून ठेव.

— बाबा