सभासद नंबर ६१४०८

२७ जुलै १९६६, बुधवार. सकाळी ५.४०, शिफ्टच्या आधी.
आजपासून डायरी. कारण एकच: मोझेस रोहेकर.
काल वर्ल्ड कपची सेमीफायनल त्याच्या घरी पाहिली. आमच्याकडे टेली नाही. त्याच्याकडे आहे, आणि हे तो कुणाला विसरू देत नाही. इंग्लंड दोन, पोर्तुगाल एक. मी पोर्तुगालचा. का, ते लंडनच्या या हाउन्सलोतल्या सगळ्या आपल्या लोकांना सांगून झालंय. आम्ही चेऊलकर. रेवदंड्याचा पोर्तुगीज कोट आमच्या अंगणातून दिसायचा. त्या कोटातल्या दिव्यांना तेल कोणी पुरवलं असणार? आम्हीच. आम्ही शनवार तेली, शनिवारी घाणा बंद ठेवणारे ज्यू, दुसरं कोण पुरवणार? म्हणजे माझा संबंध चारशे वर्षांचा. मोझेसचा इंग्लंडशी संबंध पाच वर्षांचा, तोही बराचसा कौन्सिलच्या घराच्या वेटिंग लिस्टवर.
मॅच संपली. आमचा तेरा नंबरचा खेळाडू डोळे पुसत बाहेर गेला. नेमकं तेव्हाच माझ्या डोळ्यात काहीतरी गेलं. मोझेस उठला, किचनमध्ये गेला आणि सगळ्यांसमोर मला टी-टॉवेल आणून दिला. चौदा माणसं हसली. माझी बायको दिना धरून चौदा.
सूड घेणार. शांत डोक्याने.

२८ जुलै.
आम्ही दोघं एअरपोर्टजवळच्या किचनमध्ये विमानातल्या जेवणाचे ट्रे भरतो. म्हणजे मी भरतो. मोझेस सुपरवायझर. आज ट्रे-लाइनवर माझ्या जागी घडी केलेला टी-टॉवेल. सुपरवायझरला हे शोभतं?
संध्याकाळी पोर्तुगालने रशियाला हरवलं, तिसरा नंबर. मुद्दाम चालत जाऊन मोझेसला सांगितलं. म्हणाला, अभिनंदन, आता ब्रॉन्झचा टॉवेल शोधतो.

२९ जुलै.
थोड्या वेळाने शब्बाथ सुरू. उद्या लिहिणार नाही. राग मात्र धरून ठेवलाय. राग धरायला मनाई नाही.

८ ऑगस्ट.
योजना सापडली. सूप सेक्शनला आर्मिंदो नावाचा लिस्बनचा कुक आहे. त्याला आमच्या खाडीपलीकडच्या कोर्लई गावात बोलतात ते चार पोर्तुगीज शब्द बोलून दाखवले. लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, सिन्योर इलियास, ही मराठी का? थकला असावा.
पण कामाची गोष्ट सांगितली. तिकडे फुटबॉल क्लबचा नुसता चाहता कुणी नसतो. तिकडे सभासद. वर्षाची वर्गणी, फोटोचं कार्ड आणि प्रत्येकाला नंबर. मूल जन्मलं की आधी बाप्तिस्मा की आधी क्लब, यावर घरात भांडणं होतात. आर्मिंदोच्या वडिलांचा नंबर नऊशे बारा. ते रस्त्याने गेले तर लोक टोपी काढतात.
मी लिस्बनच्या बेन्फिका क्लबचा सभासद होणार. इंग्लंडमध्ये बसून नुसती टाळ्या वाजवणारी मंडळी वेगळी आणि कागदोपत्री मालक वेगळा. आर्मिंदो सप्टेंबरात गावी जातोय, फॉर्म तोच नेईल. मोझेसला अजिबात कळू द्यायचं नाही. फक्त सेक्शनमधल्या तिघांना सांगितलं.

११ नोव्हेंबर.
कार्ड आलं! लाल. गरुड. माझा फोटो (कान जरा मोठे आलेत, पोर्तुगीज प्रिंटिंग). नंबर ६१४०८. दिना म्हणाली, अहो, एकसष्ट हजार लोक तुमच्या पुढे आहेत की. तिला म्हटलं, मागे किती आहेत ते बघ. तिने विचारलं, किती? हा प्रश्न गैर होता.
मोझेसला आत्ताच दाखवणार नाही. योग्य दिवस येऊ दे.

२९ मे १९६८, बुधवार. दुपारी.
आज तो दिवस. युरोपियन कपची फायनल, बेन्फिका विरुद्ध मँचेस्टर, वेम्बलीवर. मोझेस आता मँचेस्टरवाला झालाय. जो जिंकायची शक्यता तो मोझेसचा. दीड वर्ष कार्ड छातीशी जपलं ते आजसाठी. आम्ही जिंकणार, मी उठणार, खिशात हात घालणार, कार्ड त्याच्या बशीत ठेवणार. भाषण तयार आहे. तीन मिनिटांचं.

३० मे.
चार-एक.
नव्वद मिनिटांपर्यंत एक-एक होतं, हे नमूद करतो. एक्स्ट्रा टाइममध्ये काय झालं ते लिहिण्यात अर्थ नाही.
मोझेस टी-टॉवेल आणायला उठला. तेव्हा राहवलं नाही. सगळ्यांसमोर कार्ड काढलं आणि म्हटलं, हसा, पण हा क्लब माझा आहे, हरला तरी माझा आहे, तुझ्यासारखा भाड्याचा नाही. सगळे कार्डावर वाकले. मी खूश.
मोझेसने टॉवेल खांद्यावर टाकला, पाकीट उघडलं आणि माझ्या कार्डाशेजारी एक कार्ड ठेवलं. लाल. गरुड. त्याचा फोटो. नंबर ६१४०७.
हलकट! लबाड! त्याने त्याच सप्टेंबरात आर्मिंदोकडे फॉर्म दिला होता. दोन्ही फॉर्म एकाच लिफाफ्यात गेले, त्याचा वर. म्हणे, तू एकटा कुठे जाणार परक्या लोकांत, म्हटलं आपणही जावं. लोक हसून हसून लाल. आणि हा माणूस मँचेस्टरच्या गोलवर नाचला होता!
जन्मला दोन महिने आधी. शाळेच्या फुटबॉल टीमचा कॅप्टन तो, मी राखीव. बोटीवरून उतरला तो पुढे. आणि आता लिस्बनमध्येसुद्धा?
तिथल्या तिथे उभा राहिलो आणि चौदा माणसांच्या साक्षीने नवस बोललो: या मोझेसच्या पुढे माझा नंबर गेला, की एलियाहू हन्नाबी प्रेषिताच्या नावाने मालिदा करीन. पोहे, नारळ, पाच फळं, सगळं यथासांग. सगळे आमेन म्हणाले. सगळ्यांत मोठ्याने मोझेस.

१७ जून.
लिस्बनला पत्र धाडलं. इंग्रजीत, कडक. सभासद ६१४०७ हा शत्रुपक्षाच्या गोलवर नाचतो, साक्षीदार तेरा, याची हकालपट्टी व्हावी.

२ ऑगस्ट.
उत्तर आलं. आपल्या प्रेमाबद्दल आभारी आहोत. सोबत टीमचा फोटो. मोझेसलाही एक वेगळा पाठवलाय, माझ्या पत्रात त्याचा पत्ता होता म्हणून. त्याने फ्रेम केला.

९ मार्च १९७०.
आनंदाचा दिवस! नवीन कार्ड. नंबर ५७९३०. एकदम साडेतीन हजारांनी बढती! कष्टाचं फळ. निष्ठा वरपर्यंत कळते, हे मी दिनाला नेहमी सांगत आलोय. किचनमध्ये सगळ्यांना केक दिला. आज मोझेसचं नाक कापलं.

१० मार्च.
आर्मिंदोने बाजूला घेतलं. ही बढती नाही. काही वर्षांनी क्लब सगळ्यांचे नंबर नव्याने लावतो. पुढची माणसं मरतात, काही वर्गणी भरायची सोडतात, त्यांच्या जागा गळतात आणि मागचे पुढे सरकतात. त्याचे वडील आता आठशे चाळीस. नवीन कार्ड आलं की ते आनंद करत नाहीत, चर्चमध्ये जाऊन बहात्तर मेणबत्त्या लावतात.
केकचे तुकडे परत मागता येत नाहीत.
मोझेसचा नवीन नंबर विचारला नाही. त्याने आपणहून सांगितला. ५७९२९.

१८ मार्च.
नीट विचार केला. मोझेस मरणं शक्य नाही, बैलासारखा आहे. शिवाय मला तसं काही म्हणायचंही नाही. पण वर्गणी चुकणं शक्य आहे. एक वर्ष चुकली की नाव कटतं. वर्गण्या दर सप्टेंबरात आर्मिंदो नेतो. मोझेस विसराळू आहे, बायकोचा, सॅलीचा, वाढदिवस विसरून दोनदा मार खाल्लाय. फक्त त्याला कोणी आठवण करायची नाही. यात पाप काय? मी काही करणारच नाही.

५ सप्टेंबर १९७१.
मागच्या वर्षी त्याला आठवलं. या वर्षी जोर लावला. आर्मिंदोने कँटीनच्या बोर्डावर वर्गणीची चिठ्ठी लावली, ती मी काढून खिशात घातली. मोझेस वर्गणीचं नाव काढायला लागला की हवामानाचा विषय काढायचा. सॅलीने परवा विचारलं, भावजी, तुम्हाला पावसाची इतकी काळजी कधीपासून?

२७ सप्टेंबर.
आर्मिंदो गावाहून परत. सहज विचारतो तसं विचारलं: सगळ्यांच्या वर्गण्या पोचल्या? म्हणाला, हो. तुमची तेवढी आली नव्हती.
माझी! चिठ्ठी माझ्याच खिशात, आणि मोझेसवर लक्ष ठेवण्याच्या नादात माझीच राहिली! म्हटलं, मग कटलं माझं नाव? तर म्हणे, नाही, सिन्योर मोझेसनी दोघांची भरली.
तडक मोझेसकडे. विचारलं, कुणी सांगितलं होतं? म्हणाला, अरे, मागे तू नसलास तर मी पुढे कुणाच्या?
म्हणजे बघा, किती नीच! मला पुढे जाऊ द्यायचं नाही आणि बाहेरही जाऊ द्यायचं नाही. आयुष्यभर मागेच ठेवायचं. असा अपमान कुणी कुणाचा केला नसेल. पैसे तोंडावर फेकले. त्याने खाली वाकून गोळा केले आणि चहा टाकला. चहा प्यालो, पण रागाने.

२६ एप्रिल १९७४.
लिस्बनमध्ये क्रांती. रणगाड्यांवर फुलं. आर्मिंदो सूपच्या पातेल्यापाशी उभा राहून रडत होता. मोझेसने त्याला खिशातून काढून टी-टॉवेल दिला. मोझेस हसला नाही, नुसता त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. हा माणूस नाटकं फार करतो.
आमची कार्डं अजून चालतात का, हे विचारायची ती वेळ नव्हती, असं नंतर आर्मिंदोने सांगितलं. चालतात.

१३ जानेवारी १९७५.
मोझेस ट्रे-लाइनवर कोसळला. हार्ट. अँब्युलन्समध्ये मी बरोबर गेलो, कारण मीच जवळ होतो. दुसरं काही नाही.

२ फेब्रुवारी.
रोज हॉस्पिटलला जातो. सॅलीला घरी जाऊन आंघोळ तरी करता यावी म्हणून. शिवाय शत्रूवर नजर ठेवावी.
आज मोझेस आवाज न करता हसला आणि म्हणाला, इलियास, तुझा नवस फिटतोय बघ. मी म्हटलं, गप्प पड. म्हणाला, मालिद्यात डेसिकेटेड नारळ घालू नकोस, तू चिकट आहेस. खरा आण. साऊथॉलला मिळतो.
मी म्हटलं, मला फुकटचा विजय नको, ऊठ आणि वर्गणी चुकव.
त्याचा हात फार थंड होता. डोळ्यात काहीतरी गेलं. टॉवेल द्यायला कोणी नव्हतं.

११ फेब्रुवारी.
मोझेस काल गेला.

१८ फेब्रुवारी.
सुतकाचे सात दिवस सॅलीकडे जमिनीवर बसलो. हॉल तोच, माणसं तीच, टेलीवर चादर. कोणी नवसाचं बोललं नाही. पण सगळे माझ्याकडे बघत होते, असं मला वाटलं. दिना म्हणते, तुम्ही रडत होता म्हणून बघत होते. मी रडत नव्हतो.

३ सप्टेंबर.
आर्मिंदो वर्गण्या न्यायला आला. माझी दिली. तो हलकेच म्हणाला, सिन्योर मोझेसचं नाव या वेळी काढायला सांगतो, नाहीतर घरी पत्रं येत राहतील, सिन्योराला त्रास.
मी म्हटलं, थांब.
मी काही हळवा माणूस नाही. सरळ हिशोब आहे. नऊ वर्षं ज्याच्या मागे लागलो, त्याला असा बाद होऊन सुटू द्यायचा? मेला म्हणून पुढे गेलो, यात मर्दुमकी काय? उद्या लोक म्हणतील, इलियासचं नशीब. मला त्याला रीतसर हरवायचंय. म्हणून त्याची वर्गणी भरली. पत्ता आमच्या घरचा दिला. आर्मिंदोने टोपी काढली. उगाच.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार. दुपारी ३.१५.
लिस्बनहून जाड पाकीट. नवीन नंबर लागले. दोन कार्डं.
पाकीट टेबलावर होतं. दिनाने काही न विचारता पोह्यांचा डबा काढला, आणि पिशवीतून नारळ. खरा. साऊथॉलहून आणला होता, मला न सांगता. म्हणाली, अहो, आता तरी नवस फेडा, आज शुक्रवार आहे, सॅलीला बोलावते, पोहे भिजवू?
मी दोन्ही कार्डं तिच्यासमोर ठेवली. मोझेस रोहेकर, ५३११६. इलियास चेऊलकर, ५३११७. तिने वाचली. परत वाचली. मग माझ्याकडे बघत राहिली आणि पदराने डोळे पुसायला लागली.
तिला म्हटलं, रडतेस काय, डबा ठेव. नवस कुठे फिटलाय? हलकट अजून पुढेच आहे.