मालिकेतला बिचारा मुलगा

४ मार्च, सोमवार
सासूबाईंचा उजवा हात सुजलाय. ह्यांनी पिरगाळला. चहा गार होता म्हणून. केला मी, नेऊन दिला त्यांनी, म्हणून हात त्यांचा.

माझ्या अंगाला ह्यांचं बोट लागलेलं नाही. 'बायकोवर हात उचलणाऱ्यातला मी नाही' — हे चारचौघांत सांगतात. खोटं नाही ते.

७ मार्च, गुरुवार
वरच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या वहिनी मालिका बघायला आल्या. त्यांचा टीव्ही बिघडलाय. जाहिराती लागल्या की मी आमचा बंद करते, तेवढीच वीज वाचते. त्यावरून रोज टोमणा, "तुमच्याकडे मालिका हप्त्यानं बघावी लागते बाई."

आज मालिकेत नवऱ्यानं बायकोला थोबाडीत दिली. हे म्हणाले, "असल्यांना उलटं टांगलं पाहिजे." शेजारीच सासूबाई, हात पट्टीत. त्यांनी मान हलवली. काय म्हणावं!

शिवणवाल्या वहिनींनी आधी पट्टी बघितली, मग मला. "हल्लीच्या सुनाही काही कमी नाहीत हो," म्हणाल्या. हसत.

दमले.

८ मार्च, शुक्रवार
सूज उतरेना, म्हणून त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर थांबायला सांगितलं. बाकावर बसले, सासूबाईंच्या चपला हातात घेऊन. पडद्यामागचं सगळं ऐकू येत होतं.

"आजी, घाबरू नका. सून मारते का?"

सासूबाईंचा आवाज आला.

"हो."

चपला खाली ठेवायचंही सुचलं नाही.

९ मार्च, शनिवार
बोलले नाही त्यांच्याशी. वेणी मात्र घालावीच लागते, त्यांचा हात वर जात नाही. फणी फिरवताना आपणहून म्हणाल्या, "तुझं नाव लोकांना लगेच पटतं गं. त्याचं घेतलं असतं तर बाईंनी मलाच डोक्याच्या गोळ्या दिल्या असत्या."

"आणि मी?"

वेणी जरा जास्तच घट्ट घातली.

१२ मार्च, मंगळवार
बातमी जिन्यानं वर गेली. शिवणवाल्या वहिनींनी ह्यांच्यासाठी डबा पाठवला. फक्त ह्यांच्यासाठी. "दोघींच्या कात्रीत सापडलाय बिचारा." ह्यांनी चवीनं खाल्लं. रात्रीचं उरलेलं मी संपवलं, टाकायचं कसं.

मालिकेत सासू वाईट असते, नाहीतर सून. मुलगा कामावरून दमून येतो आणि विचारतो, आई, हाताला काय झालं? बघणाऱ्यांना तिसरं काही ठाऊकच नाही. सासूबाईसुद्धा त्या पडद्यावरच्या सुनेसाठी डोळे पुसतात.

जपाला बसले. माळ फिरली, मन नाही. देवाला वेगळं काय सांगायचं, तो इथेच कोनाड्यात असतो.

१५ मार्च, शुक्रवार
डॉक्टरीणबाईंनी नणंदेला फोन केला होता. आज आली. माझ्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही. उद्या आईला घेऊन जाते म्हणाली. "वहिनी, तू देवाला दिवा कोणत्या तोंडानं लावतेस गं?"

म्हटलं आता बोलायचंच. "वन्सं, हात ह्यांनी —"

"दादानं? दादा मुंगीच्या वाटेला जात नाही!"

हे शेजारच्या खोलीतून आले, डोळे ओले. "ने बाई आईला. मला बघवत नाही." मालिकेत असते तर टाळ्या पडल्या असत्या.

निदान सासूबाई तरी सुटतील. त्यांची पिशवी भरून ठेवली.

१६ मार्च, शनिवार
पिशवी उचलली तर काल भरली त्याहून जड. उघडून बघितली. त्यांच्या कपड्यांखाली माझे कपडे. त्यात गुंडाळलेली माझी जपमाळ. एका हातानं कधी भरलं कोण जाणे.

हे आत दाढी करत होते. सासूबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "मी गेल्यावर त्याचा हात कुणावर पडेल?"

मग नणंदेला, मोठ्यानं, "ही बरोबर येत असेल तरच मी येणार. अंघोळ मला हिच्याच हातची लागते."

नणंद बघतच राहिली. "तुला मारणारीच्या हातची?"

"हिच्याच."