न पाहिलेली खाट

नाशिक, सोमवार, ९ जानेवारी १९८४

आठ दिवसांनी वही उघडतोय, चुकलंच. हात धजत नव्हता.

शेजारच्या फुलवाल्या शांतावर जबरदस्ती झाली, त्या खटल्यात मी पंच आहे. परवा साक्ष. आज सरकारी वकिलांनी पंचनामा वाचून दाखवला. आरोपीच्या अंबडच्या खोलीत, खाटेखालून, माझ्यासमक्ष रक्ताचे डाग पडलेला सदरा काढला म्हणे. मी त्या खोलीत पाऊलही ठेवलेलं नाही. तेव्हा चौकीत हवालदार म्हणाले, "बाबा, इथं सही करा," आणि मी केली. चौथी शिकलेला माणूस, त्यात चष्मा घरी. वाचून दाखवा म्हणायची लाज वाटली.

आज वकिलांकडून बाहेर आल्यावर हे त्याच हवालदारांना सांगितलं, तर ते हसले. "आरोपीचा वकील विचारील, खोलीत काय होतं. खाट म्हणा. कागदात खाट आहे, बाज म्हणालात तर आम्हीच आडवे."

शांता खोटं बोलत नाही. त्या दिवशी तिला मीच रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. पण न पाहिलेली खाट शपथेवर पाहिली म्हणू? खोट्या सहीवर माणूस तुरुंगात जायचा. आणि नाही म्हटलं, तर तो सुटेल?

संध्याकाळी शांता दारात आली. "आबा, आता तुमच्यावरच हाय." मी मान डोलावली. का डोलावली?

निफाडच्या कोर्टात आमचे जावई कारकून आहेत. एसटीच्या कंडक्टरबरोबर त्यांना चिठ्ठी धाडली, तीत लिहिलं: जावईबापू, खरं बोलूनही शांताचा घात होणार नाही अशी वाट कायद्यात असेल, तर बुधवारी माझा पुकारा होण्याआधी कळवा.