उलटी धरलेली चिकटवही

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार घालायचा होता, पण उजव्या गुडघ्यावर डिंक सांडला आहे आणि तो वाळेपर्यंत पाय दुमडू नये असं घरातल्या जाणकारांचं (वय वर्षं आठ) मत पडलं. तेव्हा तूर्त उभ्यानेच केलेला नमस्कार गोड मानून घ्यावा. तुमची नवी कवळी बसली का? मागच्या पत्रात तुम्ही लिहिलं होतं की ‘स’ म्हणायला गेलं की ती शिट्टी वाजवते. ही शिट्टी वरच्या दातांतून येते की खालच्या, ते जरूर कळवा. मी पडलो चष्म्याची भिंगं घासणारा, दातांतलं मला काही कळत नाही, पण तेव्हापासून डोक्यात तेच घोळतं आहे.

तुम्ही तीनदा फोन केलात आणि तिन्ही वेळा आमच्या हिने ‘ते कामात आहेत’ असं सांगितलं, त्याचा आता खुलासा करतो. बाबांना पंच्याहत्तर पूर्ण होणार, तर सगळ्यांनी मिळून त्यांना जुन्या फोटोंची चिकटवही करून द्यावी, ही कल्पना हिची. ‘मिळून’ हा शब्दही तिचाच. मी त्यात फक्त शिस्त आणली. चाळीस पानं, पानाला दोन फोटो, प्रत्येक फोटोभोवती बरोबर दोन मिलिमीटरची पांढरी कड. (दुकानात अर्ध्या मिलिमीटरने गिऱ्हाइकाचं डोकं दुखायला लागतं, तेव्हा दोन म्हणजे मी सैलच सोडलं होतं.) फोटोंखाली नावं लिहायचं काम हिच्याकडे होतं. तिसऱ्या पानावर तिचा ‘र’ जरा पुढे झुकलेला वाटला म्हणून मी तो खोडला. तिने पेनाला टोपण लावलं आणि शांतपणे म्हणाली, “चौदा वर्षं झाली लग्नाला. माझा ‘र’ आजवर कुणाला टोचला नव्हता.” मग ती चहा करायला गेली. एकाच कपाचा केला.

खार (आमची कन्या, दिसेल ते गोळा करून ठेवते म्हणून हे नाव) हिला मी डिंकाच्या बाटलीचं झाकण धरायचं काम दिलं होतं. तिने ते दोन दिवस इमानेइतबारे धरलं. तिसऱ्या दिवशी झाकण टेबलावर ठेवलं आणि तीही उठून गेली. उरलो मी एकटा, आणि खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. एकट्याने केलेलं ‘मिळून’ भलतंच सुबक होत होतं.

पुढचे दोन आठवडे घरात दोन कारखाने चालले. जेवणाच्या टेबलावर माझा, आणि बाबांच्या खोलीत, शिवणयंत्राच्या मागे, खारीचा. तिने बुटांच्या खोक्याचे पुठ्ठे कापले, त्यांना भोकं पाडून नाडी ओवली आणि बाबांच्या शिंपीकामाच्या जुन्या गाठोड्यातल्या चिंध्या, बटणं, हुक असं काय काय त्यांवर चिकटवायला घेतलं. ती वही मिटत नव्हती. मगरीने जांभई द्यावी तशी उघडीच राहायची. मी एकदा मोठ्या मनाने ‘छान’ म्हणून गेलो. (मुलं असल्या ‘छान’ला फसतात, असं आपल्याला का वाटतं कोण जाणे.)

आणि मग तो फोटो. तुम्हाला आठवत असेल: आजी-आजोबा बाकावर बसलेले, मागे बाबा, पुढे फ्रॉकमध्ये तुम्ही. चौघांचा एवढा एकच. मी तो पहिल्या पानासाठी राखून ठेवला होता. एका संध्याकाळी पाकीट उघडलं तर आत नुसता बाक, तोही भोकाभोकांचा. खारीने नागमोडी कात्रीने चौघांना वेगवेगळं कापून तुमची एकेकाची एकेका चिंधीवर स्थापना केली होती! आत्या, मी ओरडलो. असा ओरडलो की शेजारच्या दंतवैद्याने दार उघडून पाहिलं. खार रडली नाही. तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि विचारलं, “मी कडाच कापल्या. माणसं कुठे कापलीत?” मी नुसता पुन्हा ओरडलो.

वाढदिवसाच्या दिवशी दुपारी बाबांना खिडकीपाशी बसवलं आणि माझी वही त्यांच्या मांडीवर ठेवली. बाबा एकेक पान उलटायचे, मान डोलवायचे, ‘वा, छान’ म्हणायचे आणि पुढे जायचे. दर पानाला तेवढाच वेळ, तेवढंच ‘छान’. मी फुशारून हिच्याकडे पाहतो, तर ती माझ्याकडे न पाहता वहीकडे पाहत होती. अकराव्या पानावर बाबा म्हणाले, “तुझी आई काय गोड दिसतेय इथे!” त्या पानावरचे दोन्ही फोटो मामाच्या मोटारसायकलचे होते. आणि वही उलटी होती. पहिल्या पानापासून ती उलटीच धरलेली होती, आणि चष्म्याच्या धंद्यात वीस वर्षं घालवलेल्या मला ते अकराव्या पानावर कळलं.

कुणी काही बोलायच्या आत खारीने आपली मगर आणून त्यांच्या मांडीवर ठेवली. बाबांनी मान वर केली, खिडकीबाहेर बघितल्यासारखं केलं आणि बोटं पुठ्ठ्यावर फिरवायला सुरुवात केली. दुसऱ्या पानावर बोटं थांबली. मागे गेली, पुन्हा पुढे आली. “हे कॉर्डरॉय,” ते म्हणाले, “माझ्या बहिणीचा फ्रॉक. मी शिवलेला पहिला कपडा. पंधरा वर्षांचा होतो. डावी बाही दीड इंच लांब झाली होती, पण पोरीने कुणाला बोलू दिलं नाही. दुमडून घालायची. चार वर्षं घातला.” आत्या, हे खरं का? चार वर्षं? आणि लांब बाही डावीच होती ना? ते इतक्या ठामपणे म्हणाले की मला विचारल्याशिवाय राहवत नाही.

मग त्यांनी प्रत्येक पान वाचलं. बोटांनी. आजीच्या खाली लुगड्याचा मऊ तुकडा होता, आजोबांच्या खाली कोटाचं जाड अस्तर. (फोटोतले कपडे बघून खारीने चिंध्या जुळवल्या होत्या.) चार पानांना तास लागला. मी खारीला बाजूला घेऊन विचारलं की आजोबांना दिसत नाही हे तुला कुणी सांगितलं. ती म्हणाली, “कुणी नाही. आजोबा बटणं डोळे मिटून निवडतात.” एका घरात राहून तिला जे दिसलं ते मला का दिसू नये?

सगळे उठल्यावर मी बाबांपुढे बसलो. म्हटलं, “माझ्या तोंडाचं काय दिसतं?” म्हणाले, “कान दिसतात. मध्ये धुकं.” वर्ष झालं होतं. मी म्हटलं, पण बाबा, मी दर तीन महिन्यांनी तुमचा नंबर तपासत होतो ना, तक्त्यावरची अक्षरं तर तुम्ही धडाधड वाचत होतात! तर म्हणे, “तुझ्या दुकानात तक्ता एकच. पाठ झाला.” आणि मला शेवटच्या ओळीपर्यंत म्हणून दाखवला. का सांगितलं नाहीत, असं विचारलं, तर आधी मगरीची नाडी बोटाभोवती गुंडाळली. मग म्हणाले, “तू मन लावून चष्मा करायचास. चुकलं म्हटलं असतं तर तुला लागलं असतं.” मला माणसं इतकं सांभाळून घेतात हे मला माहीत नव्हतं. माझ्या दोन मिलिमीटरपायी ते वर्षभर धुक्यात बसून राहिले.

दुसऱ्याच दिवशी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. पडद्याचा मधला भाग खराब झाला आहे. गेलेली नजर येणार नाही, राहिलेली इंजेक्शनांनी टिकवता येईल, असं म्हणाले. पहिलं दिलं. आता आम्ही चौघे मिळून (हो, मिळून) मगर पुढे नेतो आहोत. मी डोळे मिटून कापडं ओळखायला शिकतो आहे. काल पोपलिनला रेशीम म्हणालो, तर बाबा एवढे हसले की त्यांना ठसका लागला. मामाच्या मोटारसायकलखाली सँडपेपर लावला आहे. तो वाकडा बसला आहे. मी तीनदा त्या पानापाशी गेलो आणि तिन्ही वेळा परत आलो. हिने सगळ्या पानांवर सुतळीने जाडजूड अक्षरं काढली आहेत. तिचा ‘र’ बोटाला पटकन सापडतो.

तुमचा,
भिंगवाला भाचा

ता. क. दुसरं इंजेक्शन येत्या मंगळवारी आहे. बाबा नाही म्हणतात. पहिल्या वेळी घाबरले होते, पण तसं न म्हणता वहीचं काम खोळंबेल म्हणतात. मी, ही, खार, तिघेही हरलो. ते या जगात फक्त तुमचं ऐकतात. खरं तर एवढंच लिहायचं होतं; बाकीचं लिहिता लिहिता झालं. रविवारपर्यंत या.

ता. क. २. मी पत्र लिहिल्याचं त्यांना कळू देऊ नका. (ही म्हणते, या घरात आता लपवाछपवी बंद. तेव्हा सांगितलंत तरी चालेल. पण आधी तिकीट काढा, मग सांगा.)