वैशाखातली काच

सर, आज पुन्हा वैशाखाचं ऊन पेटलंय आणि मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत भट्टीपुढं बसलेय. अख्खं सोलापूर दारं-खिडक्या लावून घरात, आपलं मात्र काम सुरू. काचेत हवेतली ओल शिरली की आत घातलेल्या एर्बियम धातूचा उजेड मरतो, आणि हवा कोरडी ठेवणारी महागडी पेटी आपल्याकडं कधीच नव्हती. "नसू दे की," तुम्ही घाम पुसत म्हणायचात, "आपलं ऊन फुकट हाय!" म्हणून माझ्या पीएचडीची सगळी काच आपण उन्हाळ्याच्या सुट्टीतच ओतली. पहिल्याच वर्षी मी विचारलं होतं, ही गुलाबी काच नेमकं करते काय? तुम्ही खडू खाली ठेवलात. "फोनवरचं बोलणं काचेच्या तारेतून उजेड होऊन जातं. डोळ्याला न दिसणारा उजेड. लांब गेला की दमतो बिचारा. मधी चिमूटभर एर्बियम घातलेली काच लागली, की परत लई जोरात पळतो." इतकं सोपं करून मला पुढं कुणीच सांगितलं नाही.

शेवटच्या उन्हाळ्यात तुम्ही दवाखान्यात होतात. त्या दुपारी इथं मी ओतलेली काच भट्टीत निवतेय. कंट्रोलर बिघडलेला, त्यामुळं तापमान हातानंच थोडं थोडं उतरवायचं. घाई केली की काच तडकलीच. तेवढ्यात तुमच्या उशाशी बसलेल्या काकूंचा फोन येतो, "सरांचं काही खरं नाही गं, लगेच ये." मी पर्स उचलते, तर फोनवर तुम्ही. आवाज पार खोल गेलेला. "पोरी, भट्टी सोडू नको. संध्याकाळी काच घेऊनच ये." मी म्हटलं, "हो सर."

काच नितळ निघाली, कुठं तडा नाही. तोवर तुम्ही गेला होतात. मला अजून राग येतो, सर. कशाला घेतलात तो फोन? एक काच तडकली असती तर काय आभाळ कोसळणार होतं? लोक म्हणतात, सरांची निष्ठा बघा. चुलीत गेली ती निष्ठा! मला तुमचा हात हातात घ्यायचा होता.

हे पत्र टाकायचं तरी कुठं? राहील इथंच ड्रॉवरमध्ये. गुरूचा शब्द मोडवेना म्हणून थांबले, असं मी सगळ्यांना सांगते. खरं तसं नव्हतं. मला वाटलं होतं, काच बघितल्याशिवाय तुम्ही जाणार नाही.