वेळून ठेवलेलं सूप

जर्सी सिटी,
होळीनंतरचा बुधवार, २००५

ती. सुमित्रामावशीस,

चारूचा साष्टांग नमस्कार. साष्टांग अशासाठी, की पुढचं वाचल्यावर तू मला आडवा करणारच आहेस, तर आपण आधीच झालेलं बरं. तुझा गुडघा कसा आहे? काकांची शुगर काय म्हणते? इकडे केदारदादाची तब्येत चांगली आहे. माझी त्याहून चांगली आहे, कारण ऑफिसला तो जातो. फोनच केला असता, पण काका फोन स्पीकरवर लावतात आणि मग अख्ख्या सोसायटीला कळतं, म्हणून पत्र.

तर पहिल्यांदा कबुली देऊन टाकतो. मागच्या खेपेला तू साड्यांमध्ये गुंडाळून जे पुरणाचं मोठं पातेलं इथे आणलंस, आणि 'नैवेद्याशिवाय यात काही शिजवायचं नाही' असं बजावून कपाटात सगळ्यात वर ठेवून गेलीस, त्यात मी कोंबडीची हाडं शिजवली. पायांसकट. (कोंबडीच्या.) रात्रभर. तू म्हणशील, माझा केदार तेव्हा कुठे होता? तुझा केदार शेजारी डाव घेऊन उभा होता आणि वरचा फेस काढत होता. तो इकडे आल्यापासून थोडं थोडं खातो. थोडं म्हणजे किती ते मी सांगणार नाही, भावानं भावाला धरून राहावं.

पण पातेलं ही लहान चूक. मोठी चूक आता सांगतो, बसून वाच. तू पुण्यात बसून जे इथल्या आयसेलिनचं स्थळ जमवलंस, अरुणकाका आणि पद्मिनीकाकूंची आश्लेषा, तिच्याशी केदारदादानं ईमेलवर ओळख वाढवायची असं ठरलं होतं ना? त्यानं पहिली मेल लिहिली ती मी वाचली. 'बायोडेटा सोबत जोडला आहे, कृपया पाहून कळवावे' अशी होती. मावशी, महानगरपालिकेला अर्ज करतात तशी. मला त्याची दया आली. दिवसभर घरात मी आणि कॉम्प्युटर दोघंच, आणि पासवर्ड म्हणजे तुझं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. (त्याचं तुझ्यावर फार प्रेम आहे, पण चोराला फार सोपं पडतं.) म्हणून दुसऱ्या मेलपासून केदार म्हणजे मी.

इंग्रजीत दोनदा गचकलेल्या मुलानं अमेरिकेत जन्मलेल्या मुलीला काय लिहिलं असेल, असं तुझ्या मनात येईल. खूप लिहिलं. तिनं विचारलं, वीकएंडला काय करतोस? खरं उत्तर होतं, कपडे धुतो आणि मॅगी खातो. मी लिहिलं, फो करतो. हे व्हिएतनामी लोकांचं नूडल्सचं सूप. (मला आधी वाटलं, अर्धवट सोडलेली फोडणी असेल.) नेटवरून कृती उतरवली, पण ती चोरीची वाटू नये म्हणून जागोजागी स्वतःचे शब्द घातले. त्यात एका मसाल्याचा फोटो होता, तो बघितल्याबरोबर मी ओळखला. चक्रफूल. चिपळूणच्या दुकानात बाबांनी मला दुसरं काही शिकवलं नाही, पण मसाले डोळे मिटून ओळखायला शिकवलंय. इंग्रजी नाव वाचायचा कंटाळा आला, म्हणून सरळ 'व्हील फ्लॉवर' लिहून मोकळा झालो. तिला ते इतकं आवडलं की तिनं उलट लिहिलं, तू कविता करतोस का? मी म्हटलं, कधीकधी.

असं महिनाभर छान चाललं होतं. मग तिनं लिहिलं, आईबाबांना घेऊन शनिवारी येते, तुझं ते सूप प्यायला. आता मात्र केदारदादाला सांगावं लागलं. तो ओरडला नाही, मावशी, तेच वाईट. सोफ्यावर बसला आणि म्हणाला, "चारू, मला ही मुलगी खरंच आवडली आहे रे." फोटो बघून आणि तिनं मला लिहिलेल्या मेल्स वाचून, हे मी बोललो नाही. मग त्याला माझ्या सगळ्या मेल्स पाठ करायला बसवला आणि मी बाजारात गेलो.

कोंबडीची हाडं आणि पाय चिनी दुकानात मिळतात. आपल्याकडे कोंबडीचे पाय कुत्र्याला घालतात, इथे ते नटवून काचेत मांडून ठेवतात. घरी आलो आणि कृतीत लिहिल्याप्रमाणे कांदा आणि आलं काळं होईपर्यंत भाजायला घेतलं, भरताचं वांगं भाजतो तसं थेट शेगडीवर. फरक एवढाच, की चिपळूणला वांगं भाजल्यावर बिल्डिंग रिकामी होत नाही. इथे छताला एक पांढरी डबी असते, ती बोंबलली, मग मजल्यावरच्या सगळ्या बोंबलल्या, आणि शुक्रवारी संध्याकाळी अख्खा टॉवर थंडीत स्लिपर घालून फुटपाथवर. लाल गाडी आली. हेल्मेटवाले वर गेले आणि माझा कांदा चिमट्यात धरून खाली घेऊन आले. लोक टाळ्या वाजवत होते ते बहुतेक त्यांच्यासाठी.

त्या गर्दीत आमच्या वरच्या मजल्यावरच्या मालिनीकाकू भेटल्या. नागपूरच्या. लोकांनी पासपोर्ट, लॅपटॉप, पोरंबाळं आणली होती, यांनी पुरणयंत्र छातीशी धरलं होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी महाराष्ट्र मंडळाची होळी, आणि सगळ्यांच्या पुरणपोळ्या यांच्या गळ्यात. मला म्हणाल्या, "काहून रे, तू जाळलंस ना काहीतरी?" मी म्हटलं, काकू, कांदा. "मग बरोबर. कांदाच सांभाळता येत नाही अन् अमेरिकेत आला."

पण मावशी, सूप काय झालं होतं म्हणून सांगू. सकाळी झाकण काढलं तर सोन्यासारखं पाणी, तळ दिसेल एवढं नितळ, आणि घरभर दालचिनी, चक्रफूल, लवंग. आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी पूर्ण केलं होतं. मी खुशीत कोथिंबीर, लिंबं आणि मिरच्या आणायला इथल्या देशी बाजारात निघालो. तिथून केदारदादाला फोन केला, गॅस बंद कर आणि पातेल्यातलं वेळून ठेव, मी आलोच.

आता इथे लक्ष देऊन वाच. आपल्या कोकणात वेळणं म्हणजे काय? भात वेळायचा, म्हणजे वरचं पाणी निथळायचं, ती पेज वाडग्यात धरायची आणि आजोबांना मिठाची कणी घालून प्यायला द्यायची. पेज टाकली तर आजी पळीनं मारायची. तू तिच्याच हातचा मार खाऊन मोठी झालीस. केदारदादा पडला पुण्याचा, भात कुकरमध्ये होतो आणि त्याचं पुढे काय करायचं ते कुकर बघतो असं समजणारा. त्याला शब्दच माहीत नाही. मला विचारायचं, तर त्यानं फोनकार्ड खरवडून थेट तुला पुण्याला फोन लावला. आई, वेळणं म्हणजे काय ग? तेव्हा तुझ्याकडे रात्रीची मालिका ऐन रंगात आली होती. तू एका वाक्यात उरकलंस, "अरे, पाणी टाकून द्यायचं आणि भांड्यात उरेल ते झाकून ठेवायचं," आणि फोन ठेवलास. तीस वर्षं सदाशिव पेठेत राहून तू पेज प्यायची विसरलीस, मावशी. पुरणाची डाळ वेळतेस तेव्हा कट टाकतेस का? नाही ना? मग माझ्या सुपानंच काय घोडं मारलं होतं?

मी परत आलो तर ओट्यावर मोठी चाळणी, वर स्वच्छ पंचा आणि शेजारी तुझा मुलगा, पहिला नंबर आल्यासारखा उभा. पंचा उचलला. खाली हाडं. अगदी मोकळी, एकाला एक न चिकटलेली. "जमलंय ना?" म्हणाला. मी विचारलं, पाणी कुठाय? त्यानं सिंककडे बोट दाखवलं. सिंकला चक्रफुलाचा सुरेख वास येत होता. पाहुणे तासाभरात येणार होते. मी त्याला काही बोललो नाही. म्हणजे बोललो, पण ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

तेव्हा मला पुरणयंत्र आठवलं. तुझं पातेलं घासलं (किती वेळा ते विचारू नकोस) आणि वर पळालो. मालिनीकाकूंच्या घरात बादल्या भरून कट होता. "घेऊन जाय बाप्पा, एवढी आमटी कोण पिते इथं?" म्हणाल्या, आणि पातेलं काठोकाठ भरून दिलं. खाली आणून त्यात कालचा उरलेला काळा कांदा, आलं आणि तू पाठवलेला गोडा मसाला घातला. उकळी आली. तांदळाच्या नूडल्स, वरून मोड आलेले कच्चे मूग, कोथिंबीर, लिंबू, आणि हाडांना उरलेली कोंबडी सोडवून वर पसरली. पुरणाच्या कटात कोंबडी. हे वाक्य दोनदा वाचू नकोस.

पाहुणे आले. पद्मिनीकाकू पडद्यांकडे बघत बसल्या, अरुणकाका हवामानाबद्दल बोलले. आश्लेषा हसतमुख आहे, मराठी अडखळत बोलते पण बोलते. बाऊल समोर आला आणि तिनं केदारदादाला गोड आवाजात विचारलं, "सो, व्हेअर इज द व्हील फ्लॉवर?" मेल्स पाठ करून बसलेला तुझा मुलगा तयार होता. म्हणाला, "वन मिनिट," आणि फ्रिजमधून बशी आणली. बशीत फ्लॉवर. भाजीचा फ्लॉवर, मावशी, बटाट्याबरोबर करतात तो, गोल गोल चकत्या करून, चाकासारखा रचलेला. हे त्यानं मला न विचारता केलं होतं. ती बशीकडे बघत राहिली, मग त्याच्याकडे, मग माझ्याकडे. मी अत्यंत मन लावून पाणी पीत होतो.

"तुला मी लिहिलेलं नाही," केदारदादा म्हणाला. "चारूनं लिहिलं. मला फक्त मॅगी येते." पद्मिनीकाकूंचा चमचा वाटेतच थांबला. आश्लेषानं विचारलं, मग हे सूप? "खरं सूप रात्रभर केलं होतं. मी ओतून दिलं आणि हाडं ठेवली." व्हाय, म्हणाली. आता त्यानं तुझं नाव घेतलं असतं तर सुटला असता. इथल्या मुलींनी आईनं सांगितलं म्हणून असं करणारी मुलं ढिगानं बघितली आहेत, तिला लगेच पटलं असतं आणि दोष तुझ्या माथी गेला असता. त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "मला शब्द कळला नाही. ज्यानं सांगितलं त्याला विचारायला हवं होतं." एवढंच. तुझ्या फोनचं नाव नाही. मी त्याला गेली वीस वर्षं गाढव समजत होतो.

आश्लेषा "यू केप्ट द बोन्स" असं म्हणाली आणि हसायला लागली ती टेबलावर डोकं टेकेपर्यंत. पद्मिनीकाकू मात्र पर्स उचलत होत्या. अहो, चला, म्हणाल्या. पण अरुणकाका उठेनात. ते सोलापूरचे. मघापासून बाऊल तोंडाला लावून बसले होते, तो खाली ठेवला आणि म्हणाले, "पद्मिनी, हा कट आहे." अहो, चिकनचं आहे ते, असं काकू म्हणाल्या. "मला कोंबडी शिकवू नकोस. ही होळीच्या दुसऱ्या दिवसाची आमटी आहे. तू पुरण डब्यातलं आणतेस, डब्याला कट नसतो." आणि बाऊल पुढे केला, आणखी वाढ म्हणून. काकूंनी पर्स खाली ठेवली. नवरा जेवत असताना मध्येच उठून जायचं तरी कसं.

जाताना आश्लेषा केदारदादाला म्हणाली, रविवारी माझ्याकडे ये, सूप मी करते, तू सिंकपासून लांब उभा राहा. मला म्हणाली, तूही ये, पण काही लिहू नकोस. तो जाऊन आला. आल्यापासून एकटाच हसतो आणि पासवर्ड बदललाय. (नवीन तिचं नाव आणि एक-दोन-तीन.) तेव्हा तुझं स्थळ जमलं असं समजायला हरकत नाही. पेढे वाटताना माझं नाव घेतलं नाहीस तरी चालेल.

काकांना नमस्कार.

तुझा,
चारू

ता. क. अरुणकाकांचा असा समज झालाय, की कटात नूडल्स घालायची पद्धत तुमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. (समज मीच करून दिला. शांतता फार झाली होती, कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं.) पद्मिनीकाकू कृती विचारायला तुला फोन करतील. तू 'हो, आमच्या सासूबाई करायच्या' एवढंच म्हण. सासूबाई काही उलट बोलायला येत नाहीत.

ता. क. दुसरा. खरं तर पत्र लिहायचं कारण हे. एप्रिलमध्ये माझी टी. वाय.ची परीक्षा आहे, तिसऱ्यांदा, आणि बाबा परतीचं विमान शोधतायत. तू त्यांना फोन करून सांग, की केदारचं लग्न ठरेपर्यंत चारू तिथे लागतोच. तू एवढं सांगितलंस, तर त्या शनिवारी केदारदादानं कुणाला फोन लावला होता, ते मी आश्लेषाला कधीच सांगणार नाही. धमकी नाही, मावशी. आपुलकी आहे.

ता. क. शेवटचा. यातलं कुणाला सांगू नकोस, पाया पडतो. काकांना नको, माझ्या आईला तर नकोच, तिला कळलं की बातमी चिपळूणच्या एसटी स्टँडपर्यंत जाईल. मालिनीकाकूंनाही कळता कामा नये, त्यांना वाटतंय मी आमटी केली. पातेलं मी चिंच लावून लखलखीत केलंय आणि कपाटात वर ठेवलंय, येशील तेव्हा वास घेऊ नकोस. आणि हे पत्र वाचून झालं की फाडून टाकून दे. वेळायचं नाही, मावशी, काहीही झाकून ठेवायचं नाही. या वेळी सगळंच सिंकमध्ये.