दिवसाआडचा स्वल्पविराम

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार. तुझे गुडघे कुरकुरत नसतील आणि भावोजींचा खोकला आटोक्यात असेल, असं धरून चालतो. माझी तब्येत उत्तम आहे, हे तू विचारलं नाहीस तरी कळवतो. तुझं पत्र पोचलं. ‘माझ्या पोरीच्या तोंडाचं काय केलंस’ एवढं एकच वाक्य, तेही प्रश्नचिन्हाशिवाय. ठकी माझं घर सोडून मुलींच्या वसतिगृहात राहायला गेली, माझा फोन उचलत नाही आणि चष्म्याच्या दुकानातली तिची नोकरी लोंबकळते आहे, हे सगळं खरं. पण यात माझा दोष किती आणि जगाचा किती, ते आधी समजून घे. मी छापखान्यात जन्मभर प्रुफं तपासली आहेत. चूक कुणाची असते ते मला कळतं.

तर ठकीला मुरुमं आली. (या वयात येतातच. मी तेच म्हणालो, पण माझं ऐकतं कोण?) दुकानात तिचं काम काउंटरवरचं. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवायची, कानामागची दांडी सारखी करायची, म्हणजे तोंडाजवळ तोंड नेणं आलंच. डोळे तपासणंही तिथेच शिकत होती. शिकाऊ म्हणून घेतलेली, कायम करायचं की नाही हे मालक ठरवणार, म्हणून ती त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे निघाली आणि मोठं माणूस बरोबर असावं म्हणून मी गेलो. बाईंनी भिंगातून तिचं तोंड पाहिलं, कागदावर काहीतरी खरडलं आणि माझ्यादेखत, लग्न न झालेल्या मुलीला, हवापाणी विचारावं तसं विचारलं की दिवस गेलेत का. ताई, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. (हे मलम गरोदरपणात चालत नाही, म्हणून सगळ्यांनाच विचारतात म्हणे. मग आधी कारण सांगून मग विचारायला काय धाड भरली होती?) मी कागद उचलला, ठकीचा दंड धरला आणि बाहेर पडलो. बाई मागून ‘अहो, उन्हात’ असं काहीतरी म्हणत होत्या, तोवर दार लागलं होतं.

आता त्या कागदाबद्दल. डॉक्टर लोकांचं अक्षर म्हणजे मुंग्यांनी शाईत पाय बुडवून काढलेली मिरवणूक. ठकीनं तो मलाच वाचायला सांगितला, कारण असली अक्षरं लावण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही. मी वाचलं, ‘रात्री, दिवसा, आड’. स्वल्पविराम मला स्वच्छ दिसले. ‘आड’ म्हणजे अर्थातच ‘आडवे पडून’, पुढची अक्षरं लिहायचा बाईंना कंटाळा. त्यात त्यांचं ते ‘उन्हात’ चपखल बसलं. म्हणजे रात्री एकदा लावायचं आणि दिवसा एकदा, उन्हात आडवं पडून. पुढे लिहिलं होतं ‘वाटाण्याएवढे’. आता सांगतात की अख्ख्या चेहऱ्याला मिळून एक वाटाणा. मग ‘मिळून’ हा शब्द घालायला शाई संपली होती का? मी दर मुरुमाला एक वाटाणा धरला. औषधवाल्यानं विचारलंही की कसं लावायचं ते माहीत आहे ना, तर मी त्याला म्हटलं की मला वाचता येतं.

ठकी जेवायच्या सुट्टीत घरी यायची, गॅलरीत सतरंजीवर आडवी व्हायची आणि मी ट्यूब घेऊन शेजारी उकिडवा बसायचो. (माझे गुडघेही काही नवे नाहीत, पण ते कोण विचारतो?) तोंडाची आग होते म्हणाली, मी म्हटलं औषध लागू पडतंय. ओठांचे कोपरे फाटले, मी म्हटलं बोलणं कमी कर. मग कातडीचे पापुद्रे निघायला लागले आणि एका गिऱ्हाईकबाईंनी अर्धवट बसवलेली फ्रेम नाकावरून काढून तिला सल्ला दिला की आधी तू डॉक्टर गाठ. मालकानं तिला मागच्या खोलीत काचा घासायला बसवलं. तोंड नीट होईल तेव्हा काउंटरचं बघू म्हणाला. माणसाची पारख कातडीवरून करणारा हा इसम लोकांना नजर विकतो.

मग ठकी एकटी बाईंकडे गेली. एवढी पदवी घेऊन बाईंनी सांगितलं काय, तर आग थांबेपर्यंत मलम बंद. नंतर रात्री, एक दिवसाआड, तोंड धुऊन पुरतं कोरडं झाल्यावर, सगळ्या चेहऱ्याला मिळून एक वाटाणा. डोळे, ओठ आणि नाकाचे कोपरे सोडून. वर साधं मॉइश्चरायझर, दिवसा सनस्क्रीन. आणि धीर धरायचा, फरक दिसायला आठवडे जातात. थोडं लावा आणि थांबा, हे सांगायला कॉलेजात कशाला जावं लागतं? ते ‘उन्हात’ म्हणजे ‘उन्हात जाऊ नका’ होतं.

घरी येऊन ठकीनं माझी लाल पेन्सिल घेतली, त्या कागदावर ‘दिवसा’ आणि ‘आड’ यांना जोडणारी कमान काढली (तुटलेला शब्द जोडायची आमची छापखान्यातली खूण, मीच तिला लहानपणी शिकवलेली) आणि बॅग भरायला घेतली. ताई, ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

असो. दोष कुणाचा ते तुझ्या लक्षात आलंच असेल.

तुझ्या शिव्यांची सवय असलेला,
धाकटा

ता. क. : ट्यूब इथेच राहिली होती. एवढी महागाची वस्तू वाया कशाला घालवा, म्हणून माझ्या नाकावरच्या जुन्या डागाला लावली. दुसऱ्याला लिहून दिलेलं औषध आपण लावू नये, हे कुठेतरी ठळक टाइपात छापायला हवं. नाक सोललं आहे. भावोजींना सांगू नकोस.

आणखी एक. तो कागद मी काल खिडकीशी नेऊन पाहिला. त्यावर एकही स्वल्पविराम नाही. मग बाहेर पाहिलं, तर आभाळात आहेत. भिंतीवर आहेत, दुधाच्या पातेल्यात आहेत, मी डोळा फिरवला की तेही सरकतात. ठकी मागे म्हणाली होती, मामा, डोळे तपासून घे. तेव्हा मी तिला म्हणालो होतो की प्रुफं तपासणाऱ्याचे डोळे कालची पोर तपासणार काय. ताई, मला भीती वाटते. माझा फोन ती घेत नाही, तुझा घेईल. तिला म्हणावं, मामाचे डोळे तू तपास. काउंटरवर बसवलं नसेल तर मागच्या खोलीत तपास. दुसऱ्या कुणासमोर तक्त्यावरची अक्षरं चुकायची माझी तयारी नाही.